कायदा, कारकून आणि जॉन गॉल्सवर्दी



या अंकातील अभ्यासलेखासाठी आम्ही जॉन गॉल्सवर्दी हा इंग्रजी लेखक निवडला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत इंग्लंडमध्ये कादंबरीकार आणि नाटककार या दोन्ही नात्यांनी त्याचे नाव घरोघरी होते. १९३२ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मात्र त्याचे नाव मागे पडले. आज अकरावी-बारावीच्या मुलांना शॉ ठाऊक असतो, वेल्स ठाऊक असतो, पण गॉल्सवर्दी विचारला तर वर्गात शांतता पसरते.

मग त्याच्यावर लेख कशाला? कारण त्याने एक प्रश्न फार नेटाने विचारला आहे, आणि तो शाळेच्या, घराच्या, कचेरीच्या रोजच्या जगण्यातला आहे. माणसाच्या हातून चूक झाली, ती सिद्धही झाली, नियमाप्रमाणे शिक्षाही झाली. एवढ्याने न्याय झाला का?

श्रीमंत घरातला मुलगा

गॉल्सवर्दीचा जन्म १४ ऑगस्ट १८६७ रोजी लंडनजवळ सरे परगण्यातील किंग्स्टन येथे झाला. वडील नामांकित सॉलिसिटर आणि अनेक कंपन्यांचे संचालक. घरात कशाचीच कमतरता नव्हती. मुलगा हॅरो या प्रसिद्ध शाळेत गेला, तेथून ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात. कायद्याची पदवी घेऊन १८९० साली तो बॅरिस्टर झाला. वडिलांची इच्छा मुलाने वकिली करावी अशी होती. मुलाचे मन मात्र त्यात रमले नाही. घरच्या व्यवसायाच्या निमित्ताने आणि थोडे हौसेने तो जगभर हिंडला.

१८९३ साली 'टॉरेन्स' नावाच्या शिडाच्या जहाजावर त्याची एका अधिकाऱ्याशी ओळख झाली. हा अधिकारी मूळचा पोलंडचा. दर्यावर्दी जीवनातल्या गोष्टी तो रात्री डेकवर रंगवून सांगे. त्याचे नाव जोसेफ कॉनरॅड. तेव्हा दोघांपैकी एकाचेही पुस्तक प्रसिद्ध झालेले नव्हते. पुढे दोघेही मोठे लेखक झाले आणि १९२४ साली कॉनरॅड वारला तोपर्यंत त्यांची मैत्री टिकली.

लेखनाकडे गॉल्सवर्दी उशिरा वळला. पहिला कथासंग्रह १८९७ साली त्याने पदरमोड करून छापला, तोही 'जॉन सिनजॉन' या टोपणनावाने. पहिली चार पुस्तके याच नावाने आली. स्वतःच्या नावाने पहिले पुस्तक १९०४ साली निघाले, तेव्हा त्याचे वय सदतिसाच्या घरात होते. विद्यार्थी मित्रांनो, हे वय लक्षात ठेवण्याजोगे आहे. विशीत नाव झाले नाही म्हणून आयुष्य वाया गेले असे नसते.

लेखक कशाने घडला?

एक गोष्ट येथे सांगायलाच हवी, कारण त्याच्या सर्व लेखनाच्या मुळाशी ती आहे. त्याच्या चुलतभावाची पत्नी एडा ही विवाहात अत्यंत दुःखी होती. गॉल्सवर्दीचे तिच्यावर प्रेम जडले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा कायदा १८५७ सालचा होता आणि तो स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या मापाने मोजत असे. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराखेरीज त्याचा छळ किंवा त्याने केलेला त्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा फरक १९२३ साली दूर झाला. नुसत्या छळाच्या कारणावरून घटस्फोट मिळण्यासाठी १९३७ चा कायदा यावा लागला.

वृद्ध वडिलांना धक्का बसू नये म्हणून दोघांनी अनेक वर्षे हे नाते झाकून ठेवले. १९०४ च्या डिसेंबरात वडील वारले, पुढे एडाचा घटस्फोट झाला आणि सप्टेंबर १९०५ मध्ये दोघांनी लग्न केले. प्रतिष्ठित समाजातील काही दारे त्यांना बंद झाली. सुखवस्तू घरातल्या या माणसाने कायद्याच्या आणि लोकरीतीच्या आत सापडलेली व्यक्ती फार जवळून पाहिली ती अशी. स्वतः बॅरिस्टर असल्यामुळे कायदा कसा चालतो हेही त्याला नीट ठाऊक होते.

'फोर्साइट सागा' : मालकी हक्काची कथा

१९०६ हे वर्ष त्याच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी 'द मॅन ऑफ प्रॉपर्टी' ही कादंबरी आली आणि 'द सिल्व्हर बॉक्स' हे नाटक रंगभूमीवर आले.

कादंबरीचा नायक म्हणावा की नाही असा प्रश्न पडावा, असा सोम्स फोर्साइट हा लंडनचा सॉलिसिटर. घर, शेअर, चित्रे या गोष्टी तो पारखून घेतो आणि जपून ठेवतो. पत्नी आयरीन हीसुद्धा त्याच्या लेखी त्याच यादीत बसते. तिच्यासाठी तो शहराबाहेर रॉबिन हिल येथे सुंदर घर बांधायला घेतो आणि तेच घर त्यांच्या ताटातुटीला कारण होते. सोम्स दुष्ट नाही. तो हिशेबी आहे, शब्दाचा पक्का आहे. फक्त माणूस मालकीचा होत नाही हे त्याला उमगत नाही.

पुढे १९२० साली 'इन चान्सरी' आणि १९२१ साली 'टू लेट' या कादंबऱ्या आल्या. या तीन कादंबऱ्या आणि त्यांना जोडणाऱ्या दोन छोट्या कथा मिळून १९२२ साली 'द फोर्साइट सागा' एकत्र प्रसिद्ध झाली. एका कुटुंबाच्या पिढ्यांमधून सगळा इंग्रज उच्च मध्यमवर्ग त्यात उभा राहतो. लेखक स्वतः याच वर्गातला. आपल्याच भाऊबंदांचे दोष दाखवताना लेखणी एकतर बोथट होते, नाहीतर कडवट. गॉल्सवर्दीने हे दोन्ही बऱ्याच अंशी टाळले. शेवटी शेवटी तर सोम्सबद्दल वाचकाला कणव वाटू लागते.

रंगभूमीवरील तराजू

नाटककार गॉल्सवर्दीची रीत समजून घेण्यासाठी त्याची तीन नाटके पुरेत.

'द सिल्व्हर बॉक्स' (१९०६) लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात झाले. एका श्रीमंत खासदाराचा मुलगा दारूच्या नशेत एका बाईची पर्स उचलून आणतो. त्याच रात्री त्यांच्या मोलकरणीचा बेकार नवरा, तोही नशेतच, त्यांच्या घरातली चांदीची सिगारेटची डबी उचलतो. गुन्हा जवळजवळ सारखाच. पण एकाच्या पाठीशी बापाचा पैसा आणि वकील आहे, दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नाही. शेवटी खासदाराचा मुलगा मोकळा सुटतो आणि मोलकरणीचा नवरा एक महिन्याच्या सक्तमजुरीवर जातो. तिची नोकरीही सुटते.

'स्ट्राइफ' (१९०९) हे संपाचे नाटक. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरील पत्र्याच्या कारखान्यात हिवाळाभर संप चालू आहे. एका बाजूला कंपनीचे म्हातारे अध्यक्ष जॉन अँथनी, दुसऱ्या बाजूला कामगारांचा पुढारी डेव्हिड रॉबर्ट्स. दोघेही प्रामाणिक, दोघेही हट्टी. उपासमार आणि थंडी यांनी रॉबर्ट्सची पत्नी मरते. अखेर दोन्ही बाजू आपापल्या पुढाऱ्यांना बाजूला सारून तडजोड करतात. आणि ती तडजोड कोणती? भांडण सुरू होण्याआधी जी मांडली गेली होती, शब्दशः तीच!

तिसरे नाटक 'जस्टिस' (१९१०). ते आपण थोडे सविस्तर पाहू.

'जस्टिस' : नऊचे नव्वद

विल्यम फॉल्डर हा सॉलिसिटरच्या कचेरीतील तेवीस वर्षांचा कनिष्ठ कारकून. रूथ नावाच्या विवाहित स्त्रीवर त्याचे प्रेम आहे. तिचा नवरा तिला इतकी मारहाण करतो की एकदा तिचा गळाच दाबतो. तिला आणि तिच्या मुलांना घेऊन परदेशी निघून जाण्यासाठी फॉल्डरला पैसे हवे असतात. त्याच्या हाती नऊ पौंडांचा चेक येतो. अक्षरी 'नाइन' पुढे तो 'टी' जोडतो, आकडी नवापुढे एक शून्य ठेवतो. नऊचे नव्वद होतात. पुढे तो चेकबुकातील स्थळप्रतही बदलतो, त्यामुळे संशय नुकत्याच परदेशी गेलेल्या दुसऱ्या कारकुनाकडे वळतो. बिंग फुटते आणि मालक पोलिसांना बोलावतो. कचेरीतील म्हातारे हेडक्लार्क कोकसन आणि मालकाचा मुलगा त्याला सांभाळून घ्या म्हणून विनवतात, पण मालक ऐकत नाही.

न्यायालयात बचावाचा वकील सांगतो की हे कृत्य काही मिनिटांच्या मनाच्या भडक्यात झाले. न्यायाधीश शांतपणे ऐकून घेतात. तथापि स्थळप्रत नंतर बदलली आहे, निरपराध माणसावर संशय गेला आहे, आणि कायद्यापुढे सहानुभूतीला मर्यादा आहे. शिक्षा होते तीन वर्षांची.

लक्षात घ्या, या नाटकात खलनायक नाही. न्यायाधीश लाचखाऊ नाहीत, तुरुंगाचे अधिकारी क्रूर नाहीत, उलट सभ्य आहेत. मालकाची बाजूही चूक म्हणता येत नाही. फॉल्डर तर गुन्हेगार आहेच. लेखक ते कोठेही लपवीत नाही. प्रत्येक जण आपापले काम नियमाप्रमाणे करतो. आणि तरीही एक माणूस हळूहळू चिरडला जातो.

तिसऱ्या अंकात एक प्रवेश आहे, ज्यात एकही शब्द उच्चारला जात नाही. फॉल्डर आपल्या कोठडीत एकटा. तो येरझाऱ्या घालतो, दाराला कान लावतो, काही ऐकू येते का पाहतो. दूरवर कोणीतरी दारावर धक्के मारू लागतो. तो आवाज एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत पसरत जवळ येतो, आणि शेवटी फॉल्डरही दारावर धाव घेऊन दोन्ही मुठींनी ते बडवू लागतो. पडदा पडतो. संवादावाचून एवढा परिणाम साधणारे प्रवेश त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर फार थोडे होते.

चौथ्या अंकात फॉल्डर मुदतीआधी अटींवर सुटून आलेला आहे. त्याला नोकरी टिकत नाही, कारण तुरुंगवासाचा शिक्का पुसत नाही. म्हणून तो खोटी शिफारसपत्रे दाखवतो आणि पोलिसांकडे हजेरी द्यायचेही चुकवतो. मधल्या काळात रूथलाही पोटासाठी मन मारून परक्याचा आश्रय घ्यावा लागला आहे. जुना मालक त्याला परत घ्यायला तयार होतो, पण रूथला सोडण्याच्या अटीवर. एवढ्यात पोलीस त्याला पुन्हा पकडायला येतात. जिन्यावरून तो स्वतःला झोकून देतो आणि नाटक संपते.

एका नाटकाने कायदा बदलला?

'जस्टिस'चा पहिला प्रयोग २१ फेब्रुवारी १९१० रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात झाला. त्याच महिन्यात विन्स्टन चर्चिल ब्रिटनचे गृहमंत्री झाले होते. त्यांनी हे नाटक पाहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी पार्लमेंटमध्ये तुरुंगसुधारणा जाहीर केल्या. मोठ्या मुदतीच्या कैद्यांना शिक्षेच्या सुरुवातीला एकट्याने कोठडीत काढावा लागणारा काळ पूर्वी नऊ महिन्यांपर्यंत असे. तो आता एक महिन्यावर आणला गेला. पुनःपुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी तेवढा तीन महिने ठेवला.

यावरून 'एका नाटकाने कायदा बदलला' असे सर्रास म्हटले जाते. वाक्य आकर्षक आहे, पण अभ्यास करणाऱ्याने थोडे थांबून पाहावे. चर्चिलच्या आधीचे गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांच्याच कारकिर्दीत हा काळ कमी करण्यास सुरुवात झाली होती. शिवाय गॉल्सवर्दी नुसता खोलीत बसून नाटक लिहीत नव्हता. १९०७ सालापासून तो डार्टमूरसारख्या तुरुंगांना भेटी देत होता, एकांतवासातील कैद्यांशी कोठडीत जाऊन बोलत होता, टिपणे काढत होता. १९०९ साली त्याने गृहमंत्र्यांना उद्देशून खुले पत्र प्रसिद्ध केले. म्हणजे आधी डोळ्यांनी पाहणे, मग अर्ज-विनंत्या, मग नाटक असा हा क्रम आहे. नाटकाने लोकांना ती कोठडी दाखवली. कागदावर जे 'नऊ महिने' होते, ते प्रेक्षकांनी काही मिनिटे स्वतः भोगले. कायदा बदलण्याची तयारी त्यामुळे झाली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

गॉल्सवर्दीने अशी आणखी कितीतरी कामे अंगावर घेतली. नाटकांवरील सरकारी परिनिरीक्षण उठावे, स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, घरी बसून तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्यांना किमान वेतन मिळावे, कत्तलखान्यांत जनावरांचे हाल थांबावेत, यासाठी तो लिहीत राहिला. पहिल्या महायुद्धात वय जास्त असल्याने तो सैन्यात जाऊ शकला नाही. तेव्हा पती-पत्नी फ्रान्समधील एका रुग्णालयात गेली आणि तेथे त्याने जखमी सैनिकांना मालिश करण्याचे काम केले. १९१८ साली देऊ केलेला 'सर' हा किताब त्याने नाकारला.

पेन संस्था आणि आपल्याकडचे धागे

१९२१ साली कॅथरिन एमी डॉसन स्कॉट या लेखिकेने लंडनमध्ये 'पेन' ही लेखकांची संस्था स्थापन केली. युद्धाने फोडलेल्या जगातील लेखकांनी एकत्र यावे हा तिचा हेतू. गॉल्सवर्दी तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि अखेरपर्यंत राहिला. नोबेलची रक्कमही त्याने याच संस्थेला दिली. पारितोषिक घ्यायला मात्र तो जाऊ शकला नाही, इतका आजारी होता. ३१ जानेवारी १९३३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याच १९३३ साली सोफिया वाडिया यांनी मुंबईत पेनची अखिल भारतीय शाखा सुरू केली आणि रवींद्रनाथ टागोर तिचे अध्यक्ष झाले.

दुसरा धागा हिंदीतला आहे, आणि शाळेत मराठीबरोबर हिंदी शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो जवळचा वाटेल. मुन्शी प्रेमचंदांनी १९३० च्या सुमारास गॉल्सवर्दीची वर सांगितलेली तिन्ही नाटके हिंदीत आणली : 'चांदी की डिबिया', 'हडताल' आणि 'न्याय'. 'गोदान'कार प्रेमचंदांना शेकडो नाटकांतून हीच का घ्यावीशी वाटली असतील, याचे उत्तर शोधणे हा एक चांगला अभ्यास होईल.

उतरती कळा आणि पुन्हा भेट

हा लेखक मागे का पडला? १९२४ साली व्हर्जिनिया वूल्फ यांनी बेनेट, वेल्स आणि गॉल्सवर्दी या तिघांवर टीका केली. हे लेखक माणसाच्या भोवतालचे सर्व वर्णन करतात, पण माणसाच्या आत शिरत नाहीत, असा तिचा सूर होता. नव्या पिढीला ती पटली. गॉल्सवर्दीची काही नाटके आज खरोखरच जुनी वाटतात. त्याचा तराजू कधी कधी फारच मोजून धरलेला दिसतो. १९६७ साली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, बीबीसीने 'फोर्साइट सागा'ची सव्वीस भागांची मालिका केली. ती अफाट लोकप्रिय झाली आणि लोक पुन्हा पुस्तकांकडे वळले. टीका खरी असू शकते आणि लेखकही वाचनीय असू शकतो. दोन्ही एकाच वेळी संभवते.

आपण काय घ्यावे?

आमच्या मते गॉल्सवर्दीकडून घ्यायची गोष्ट म्हणजे शिक्षेनंतरच्या माणसाकडे पाहण्याची सवय. फॉल्डरला तीन वर्षांच्या शिक्षेने मारले नाही. सुटल्यावर कोणी पुन्हा जवळ केले नाही, त्याने मारले. शाळेतही असे घडू शकते. एखाद्या मुलाने वर्गातील पैसे उचलले किंवा प्रगतिपुस्तकावर खोटी सही केली, तर शिक्षा व्हायलाच हवी. नियम मोडूनही काही होत नाही असे मुलांना वाटणे बरे नव्हे. पण शिक्षा संपल्यावर ते प्रकरण संपते का? की पुढे वर्षभर काहीही हरवले तरी सगळ्यांच्या नजरा त्याच बाकाकडे वळतात? वर्गमित्रांनी, शिक्षकांनी, घरच्यांनी आणि शाळेचे नियम ठरवणाऱ्या विश्वस्तांनी हा प्रश्न स्वतःला जरूर विचारावा. शिक्षेला सुरुवात असते तसा शेवटही असला पाहिजे, आणि तो शेवट सर्वांना दिसला पाहिजे.

स्वाध्याय

१. फॉल्डरच्या जागी तुम्ही असता तर रूथला मदत करण्याचा दुसरा कोणता मार्ग शोधला असता? तो त्या काळात शक्य होता का?

२. 'द सिल्व्हर बॉक्स'मधील दोन गुन्ह्यांत साम्य काय आणि फरक काय, ते तक्त्यात मांडा.

३. 'स्ट्राइफ'मधील तडजोड आधीच का झाली नाही? दोन्ही पुढाऱ्यांच्या स्वभावावरून उत्तर लिहा.

४. वर्गात दोन गट करा. एकाने न्यायाधीशांची बाजू मांडावी, दुसऱ्याने बचावाच्या वकिलाची. मग बाजू अदलाबदल करा. कोणती बाजू मांडणे अवघड गेले आणि का, हे दहा ओळींत लिहा.

५. पालकांसाठी : कोकसन हा हेडक्लार्क नाटकात कोणत्याच पक्षाचा नाही, तरी फॉल्डरला शेवटपर्यंत अंतर देत नाही. आपल्या नोकरीच्या ठिकाणी भेटलेल्या अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाविषयी मुलांना घरी जरूर सांगा.